टर्बोच्या गाडीला पाइप किती इंची?
सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मग गिऱ्हाईक येतं तेच ‘टर्बोपासून इंजिनापर्यंत हवेचा 3 इंची पाइप टाका, गाडी गार राहील’ म्हणत. थांबा जरा. गारव्याचं काम इंटरकूलरचं, म्हणजे टर्बोने दाबलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचं. आधी टर्बोचं आउटलेट आणि थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचं) तोंड व्हर्नियरने मोजा. दीड-दोन लिटरच्या रोजच्या गाडीला टर्बो ते इंटरकूलर 2 इंच, पुढे थ्रॉटलपर्यंत सव्वादोन ते अडीच पुष्कळ झालं. 2 चा अडीच केला की आतलं क्षेत्रफळ 56 टक्के वाढतं. तेवढी जादा जागा भरेपर्यंत पिकअप रेंगाळतो. पैसा घालायचाच तर मॅन्ड्रेल बेंडमध्ये, म्हणजे आतून आधार देऊन न चेपता वाकवलेल्या पाइपात घाला. चेपलेला बेंड फुकट दिला तरी नको. पाइपच्या टोकाला बीड (उंच कडा) उठवून घ्या, नाहीतर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की जोडणीचा सिलिकॉन होज (लवचीक नळी) निसटलाच. चढवताना टोकावरचं तेल पुसा आणि टी-बोल्ट क्लॅम्प बीडच्या मागे आवळा.