गल्लीचा रस्ता चालणाऱ्यांसाठी आणि झाडांसाठी नव्याने आखताना

पहिला आराखडा कागदावर काढायला बसू नये. रविवारी सकाळी रहदारी कमी असताना लांब टेप, खडू आणि वही घेऊन तीन-चार शेजाऱ्यांनी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे आणि दर वीस पावलांवर एका कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. झाडे, विजेचे खांब, डीपी (वीजवाटपाच्या पेट्या), ड्रेनेजची झाकणे, पावसाळी गटाराच्या जाळ्या, इमारतींची फाटके आणि भाजीच्या हातगाड्या यांच्या जागाही तेव्हाच नोंदवाव्यात. नंतर एखाद्या कामाच्या दिवशी, शाळा सुटते त्या वेळी, अर्धा तास उभे राहून किती माणसे डांबरावरून चालतात ते मोजावे. पुण्यातील माझ्या वसाहतीत आम्ही हे केले, तेव्हा १२ मीटर रुंद रस्त्यापैकी जवळपास ४ मीटर जागा दोन्हीकडे उभ्या असलेल्या गाड्यांनी अडवलेली दिसली. रस्ता अरुंद आहे ही आमची तक्रार त्या दिवशी बदलली, कारण रस्ता पुरेसा होता, त्याची वाटणी चुकली होती.

वाटणीसाठी आधार लागतो, आणि तो रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत (क्रमांक १०३) आहे. चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळी जागा असावी, असे त्या सांगतात. या मोकळ्या पट्ट्यात खांब, कुंडी, बाक किंवा फलक यांतले काहीही येता कामा नये. पुणे महापालिकेने २०१६ साली स्वतःचे पादचारी धोरण स्वीकारले असल्याने तेथील नागरिकांना त्याचाही हवाला देता येतो. १२ मीटरच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे पदपथ, एका बाजूला झाडे आणि गाड्या आलटून पालटून राहतील अशी २ मीटरची पट्टी आणि दुतर्फा वाहतुकीसाठी ५.५ मीटर एवढे धरले, तरी ९० सेंटिमीटर शिल्लक राहतात. ९ मीटरच्या गल्लीत मात्र दोन्ही पदपथ आणि झाडे हवी असतील, तर एकेरी वाहतुकीचा विचार करावा लागतो. अग्निशमन दलाची गाडी वळू शकेल की नाही, हे त्या दलालाच विचारून घ्यावे.

पदपथ निरुपयोगी होतो तो बहुतेक वेळा फाटकांपाशी, म्हणून या मुद्द्यावर मी आग्रही आहे. प्रत्येक इमारतीच्या दारात गाडी आत जावी म्हणून पदपथ तोडून खाली उतरवतात. गुडघे दुखणाऱ्या आजींना शंभर मीटरमध्ये आठ वेळा उतरावे आणि आठ वेळा चढावे लागते. तिसऱ्या फाटकानंतर त्या आजी रस्त्यावर उतरतात आणि तिथूनच चालत राहतात. यावर उपाय असा, की पदपथ फाटकासमोरही त्याच पातळीत सलग ठेवायचा आणि चढउतार गाडीने करायचा. पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर गाडीला एवढा लहान उतार सहज जमतो. आराखड्यात ही गोष्ट शब्दांत लिहून ठेवावी, कारण नुसत्या चित्रावरून ठेकेदार नेहमीच्या सवयीने पदपथ तोडतो.

झाडांच्या बाबतीत आधी उभ्या झाडांकडे पाहावे. बुंध्याला टेकून काँक्रीट ओतले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि असे झाड पावसाळ्यातील वादळात उन्मळते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील प्रकरणात झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेच माप आपण किमान म्हणून धरावे. काँक्रीट पहारीने हळूहळू फोडावे, ब्रेकर यंत्राने मुळे तुटतात. नवे आळे रस्त्यापेक्षा थोडे खोल ठेवून कडेच्या दगडात वीतभर फट सोडली, तर गटारात जाणारे पावसाचे पाणी आधी झाडाला मिळते. तारांखाली कांचन किंवा ताम्हण, मोकळ्या बाजूला कडुनिंब, करंज, बकुळ, बहावा अशी आपल्या मातीतली झाडे लावावीत. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, म्हणून गाड्या उभ्या राहतात तिथे तो टाळावा.

आराखडा ठरला की तो रस्त्यावरच उतरवून पाहावा. कबड्डीचे मैदान आखतात ती फक्की घेऊन पदपथाच्या कडा आखाव्यात, झाडांच्या जागी कुंड्या ठेवाव्यात आणि वाहतूक पोलिसांच्या परवानगीने एक रविवार रस्ता तसाच वापरू द्यावा. कचऱ्याची गाडी कुठे अडली, कोणाच्या दारात वळण बसले नाही, हे त्या दिवशी दिसते आणि विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलणे सोपे जाते. भाजीवाल्यांनाही त्याच दिवशी विचारावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे, त्यामुळे त्यांची जागा आराखड्यात दाखवली नाही, तर ते अन्यायाचे होईल आणि हातगाड्या शेवटी पदपथावरच येतील.

यानंतर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मोजमापे, छायाचित्रे आणि रहिवाशांच्या सह्यांसह अर्ज द्यावा. प्रत पथ विभागाला आणि उद्यान विभागाला द्यावी. फांदी तोडायची असली तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पुण्यात नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकातून छोटी कामे सुचवता येतात, तेव्हा सगळा रस्ता एकदम न मागता शाळेपासून बसथांब्यापर्यंतचा तुकडा आधी मागावा. खोदाई उन्हाळ्यात उरकून, जमिनीखालच्या वाहिन्या तपासून, जूनमधील पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपे लावावीत. रोप पुरुषभर उंचीचे आणि काठीचा आधार दिलेले असावे. पहिले तीन उन्हाळे कोणत्या झाडाला कोणत्या घराने पाणी घालायचे, याची यादी लावणीच्याच दिवशी नावांसह प्रत्येक इमारतीच्या सूचना फलकावर लावावी.