दिवाणखान्यासाठी स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स घेताना या चुका टाळा

घरच्या सर्व्हरवर चित्रपट, नाटकांची चित्रणे आणि कुटुंबाच्या जुन्या चित्रफिती साठवायच्या आणि जेलिफिन, प्लेक्स किंवा कोडी या प्रोग्रामांच्या आधारे त्या टीव्हीवर पाहायच्या, ही आवड इंदूरच्या मराठी घरांतही आता चांगली रुजली आहे. सुदामानगर, लोकमान्यनगर या भागांतील ओळखीची मंडळी मला याविषयी वरचेवर विचारतात, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ एकच निघते. सर्व्हरसाठी हार्ड डिस्क कोणती घ्यावी याचा खल आठवडेच्या आठवडे चालतो. टीव्हीला जोडायची स्टिक किंवा बॉक्स मात्र ऑनलाइन सेलमध्ये जी स्वस्त दिसेल ती, नाहीतर जेल रोडवर दुकानदार पुढे करेल ती उचलली जाते. पुढे चित्र अडखळू लागले की दोष सर्व्हरवर, राउटरवर किंवा इंटरनेट कंपनीवर टाकला जातो. घरातल्या घरात चालणाऱ्या संग्रहाचा इंटरनेटच्या वेगाशी काही संबंध नसतो, एवढेही पुष्कळांनी लक्षात घेतलेले नसते.

संग्रहात काय आहे हे न पाहता उपकरण घेणे

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात, म्हणून हिच्याविषयी सविस्तर लिहितो. फाइलच्या नावापुढे एमकेव्ही लिहिले आहे, यावरून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण एमकेव्ही हे केवळ वेष्टन आहे. आत चित्र एच.२६४ या पद्धतीने आवळलेले आहे की एचईव्हीसी या पद्धतीने, त्याचे रंग ८ बिटचे आहेत की १० बिटचे, ध्वनी डॉल्बी डिजिटल आहे की डीटीएस की ट्रूएचडी, आणि सबटायटल मजकुराच्या रूपात आहे की चित्राच्या, या चार गोष्टींवर सारे ठरते. उपकरणाला हे सगळे जसेच्या तसे वाजवता आले तर सर्व्हरला फाइल नुसती पाठवावी लागते; याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि पंधरा वर्षांपूर्वीचा संगणकही हे काम शांतपणे करतो. यांतील एखादी गोष्ट उपकरणाला झेपली नाही, तर सर्व्हरला ती त्याच क्षणी रूपांतरित करून द्यावी लागते. हे ट्रान्सकोडिंग. केवळ ध्वनीचे असेल तर ते हलके असते, पण ४के चित्राचे असेल तर साध्या संगणकाचा जीव मेटाकुटीला येतो.

आमच्या नात्यातील एका काकांकडे नेमके हेच घडले. त्यांनी नवा मोठा टीव्ही घेतला आणि त्यातल्याच जेलिफिन ॲपवर, स्वतःच्या ब्लू-रे डिस्कवरून उतरवलेले चित्रपट पाहायला सुरुवात केली. रात्री चित्रपट लावला की पाच मिनिटांत चित्र थांबू लागे आणि माळ्यावर ठेवलेल्या सर्व्हरच्या पंख्याची घरघर खाली दिवाणखान्यापर्यंत ऐकू येई. काकांनी आधी राउटर बदलला, मग सर्व्हरची रॅम वाढवली, आणि मला फोन केला तेव्हा ते नव्या संगणकाची किंमत काढून बसले होते. “अरे, सर्व्हरच थकला आहे, दुसरे काय!” असे त्यांचे ठाम मत होते. मी म्हणालो, “काका, खरेदी आज थांबवा. आधी चित्रपट लावा, मग सर्व्हरचे पान उघडून पाहू.”

जेलिफिनच्या डॅशबोर्डवर, चालू असलेल्या चित्रपटाच्या चौकटीत, माहितीचे एक लहान चिन्ह असते. त्यावर बोट ठेवले की फाइल थेट जात आहे की रूपांतरित होऊन, आणि रूपांतर कशामुळे, हे स्पष्ट लिहिलेले दिसते. काकांकडे दोन कारणे लिहिलेली होती. ध्वनी डीटीएस होता आणि टीव्हीला तो चालत नव्हता. सॅमसंगने २०१८ च्या संचांपासून डीटीएस काढून टाकले, एलजीने २०२० ते २०२२ च्या संचांत ते दिले नव्हते, त्यामुळे ही अडचण घरोघरी आढळते. दुसरे आणि खरे कारण सबटायटलचे होते. ब्लू-रेवरील सबटायटल पीजीएस या प्रकारची, म्हणजे अक्षरांची चित्रे असतात. टीव्हीतल्या ॲपला ती दाखवता येत नव्हती, म्हणून सर्व्हर चित्राची प्रत्येक चौकट (फ्रेम) उलगडून, तिच्यावर अक्षरे उमटवून, चित्र पुन्हा आवळत होता, आणि तेही ४के मध्ये. मी सबटायटल बंद करून चित्रपट पुन्हा लावला. अर्ध्या मिनिटात माळ्यावरचा पंखा मंदावला आणि त्यानंतर चित्र एकदाही थांबले नाही. काका बराच वेळ त्या डॅशबोर्डकडे पाहत बसले होते.

काकूंना सबटायटल हवीच असतात, त्यामुळे ती बंद ठेवून भागणार नव्हते. घरात एक रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पडून होता. त्यावर लिब्रइलेक ही कोडी चालवणारी प्रणाली बसवली, कोडीला जेलिफिनचे ॲड-ऑन जोडले आणि तो टीव्हीला लावला. पीजीएस सबटायटल कोडी स्वतः दाखवते आणि डीटीएसही स्वतः उलगडते. जुना सर्व्हर आजही माळ्यावर तसाच चालू आहे.

माझी स्वतःची सवय अशी आहे की कोणतेही उपकरण घेण्याआधी मीडियाइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम घेऊन संग्रहातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या आठ-दहा फाइली तपासायच्या आणि चित्र, ध्वनी, सबटायटल यांची नोंद कागदावर करायची. यात एक संध्याकाळ जाते. एवढा धीर नसलेले नवखे लोक “कोणती स्टिक सगळ्यांत चांगली?” एवढाच प्रश्न विचारतात, आणि त्याला खरोखरच काही उत्तर नाही.

जुन्या मराठी चित्रणांचा विचार न करणे

परदेशी परीक्षणे वाचून उपकरण निवडणाऱ्यांच्या हातून ही चूक हमखास होते. त्या परीक्षणांत ४के आणि एचडीआर यांपलीकडे काही नसते. आपल्या कपाटांत मात्र नाटकांच्या व्हीसीडी, चित्रपटांच्या डीव्हीडी आणि मुंजी-लग्नांच्या हँडीकॅमच्या कॅसेटी असतात. ज्या शहरात ‘सानंद’ या संस्थेच्या नाटकांना वर्षानुवर्षे माणसे गर्दी करतात, तिथे घरोघरी हा ठेवा असणारच, आणि माझ्या मते घरचा सर्व्हर उभारण्याचे सर्वांत सबळ कारणही हाच ठेवा आहे. चित्रपट पुन्हा कुठेतरी मिळेल. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रण दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

ही चित्रणे तांत्रिकदृष्ट्या अवघड असतात. आपल्याकडील व्हीसीडी ३५२ × २८८ आकाराची, एमपीईजी-१ मध्ये असते. डीव्हीडी ७२० × ५७६ ची, एमपीईजी-२ मध्ये असते आणि टीव्हीसाठी केलेले चित्रण बहुधा इंटरलेस्ड असते, म्हणजे एका चौकटीतल्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. मिनीडीव्ही कॅसेटही इंटरलेस्डच. नव्या स्टिकांच्या चिपांमध्ये या जुन्या प्रकारांची सोय अनेकदा अपुरी असते. चित्र दिसले तरी कोणी हात हलवला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात, आणि घरातले लोक “जुनी कॅसेट आहे, असेच दिसणार” म्हणून सोडून देतात. कॅसेटचा त्यात काही दोष नसतो.

उपाय दोन आहेत. लिब्रइलेकसारख्या प्रणालीवर कोडी वापरले तर डीइंटरलेसिंग, म्हणजे अशा ओळींपासून पूर्ण चौकटी बनवणे, तिथेच चांगले होते. नाहीतर मूळ फाइल जपून ठेवून हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममधून बॉब पद्धतीने (विषम आणि सम ओळींपासून वेगळ्या चौकटी करून) डीइंटरलेस केलेली, सेकंदाला ५० चौकटींची एच.२६४ प्रत तयार करावी. ती कोणत्याही स्टिकवर चालते. मी नेहमी दुसरा मार्ग धरतो, कारण तीच प्रत पुण्याच्या बहिणीच्या टीव्हीवरही चालते. काही जण घाईने सेकंदाला २५ चौकटींची प्रत करून मूळ फाइल पुसून टाकतात. हे कृपा करून करू नका. त्यात हालचालीचा निम्मा तपशील कायमचा जातो आणि कॅसेट एव्हाना बुरशीने खराब झाली असेल तर तो परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. आपली जुनी चित्रणे २५ किंवा ५० चौकटींची, तर बहुतेक स्टिक मुळात ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चौकटींवर, बसवलेल्या असतात. त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र हलके हिसके देते. सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेटशी जुळवून घेण्याचा पर्याय शोधून तो चालू करावा. ज्या उपकरणात तो पर्याय नाही, ते मी घेत नाही.

वायर जोडली की वेग मिळालाच असे धरून चालणे

राजवाड्याजवळच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचे वायफाय नीट पोहोचत नाही, म्हणून वायर ओढण्याचा सल्ला मीही देतो. परंतु अनेक टीव्हींचा आणि स्वस्त बॉक्सांचा वायर जोडायचा इथरनेट पोर्ट केवळ १०० एमबीपीएसचा असतो, आणि ४के ब्लू-रेचा कमाल वेग याच्याही वर जातो. दोन तासांचा चित्रपट सुरळीत चालतो आणि नेमक्या धामधुमीच्या प्रसंगात थांबतो, याचे कारण तिथे असते. एका ओळखीच्या गृहस्थांनी भिंत फोडून उत्तम कॅट ६ केबल टाकली आणि ती अशाच पोर्टमध्ये खोचली. त्यांच्याकडे राउटर त्याच खोलीत होता आणि आधीचे वायफाय त्याहून वेगवान होते. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट आहे की नाही हे तपशिलात शब्दशः लिहिलेले असेल तरच मानावे. ॲपल टीव्ही ४के च्या २०२२ च्या आवृत्तीत तर ६४ जीबीच्या नगाला पोर्टच नाही, १२८ जीबीच्या नगाला गिगाबिट आहे. खोक्यावरून हा फरक चटकन लक्षात येत नाही.

अनोळखी अँड्रॉइड बॉक्स

‘८के, १२८ जीबी’ असे छापलेले दोन-अडीच हजारांचे बॉक्स घेऊ नका. त्यांत प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही नसून फोनचे अँड्रॉइड ताणून बसवलेले असते, वाइडवाइन या चोरीविरोधी संरक्षणाचा एल१ दर्जा नसल्याने ओटीटी सेवा धूसर दिसतात, आणि धोका याहून मोठा आहे. २०२३ मध्ये टी९५ नावाने विकल्या जाणाऱ्या बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर आल्याचे उघड झाले, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या, अशाच उपकरणांत शिरणाऱ्या मालवेअरसंबंधी जाहीर इशारा दिला. ज्या जाळ्यावर कुटुंबाची सगळी छायाचित्रे आहेत, त्या जाळ्यावर असले उपकरण जोडणे मला मान्य नाही, मग ते कितीही स्वस्त असो.

थोडक्यात सांगता येतील अशा

टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून स्टिकला वीज देऊ नका, यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार अर्धा अँपिअरच देतो आणि स्टिक मध्येच बंद होऊन सुरू होते. खोक्यातला ॲडॉप्टर वापरावा.

इंदूरच्या मे महिन्यात टीव्हीच्या पाठीशी, भिंतीला चिकटून लटकणारी स्टिक तापते आणि मंदावते. सोबत मिळणारी एचडीएमआयची लहान जोडतार त्यासाठीही उपयोगी आहे, ती फेकू नका.

ॲमेझॉनच्या फायर टीव्हीच्या सगळ्या स्टिक सारख्या नाहीत. २०२५ ची ४के सिलेक्ट ही अँड्रॉइडवर नव्हे, ॲमेझॉनच्या स्वतःच्या व्हेगा ओएसवर चालते आणि तिच्यावर बाहेरून अँड्रॉइडची ॲप टाकता येत नाहीत. हवे ते ॲप तिच्या दुकानात आहे का, हे आधी पाहा.

राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता कायम करून टाका. वीज जाऊन आल्यावर “सर्व्हर सापडत नाही” अशी जी हाक येते, ती बहुतेक वेळा पत्ता बदलल्यामुळे असते.

देवनागरी सबटायटल तपासून न पाहणे

इंग्रजी सबटायटल नीट दिसली म्हणजे मराठीही दिसतील असे नाही. काही ॲपांत पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरे हलन्तासह सुटी होतात, किंवा नुसत्या चौकोनांची रांग येते. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात साठवलेली असावी; जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. जेलिफिनमध्ये पर्यायी फॉन्टचा फोल्डर देण्याची सोय आहे. तिथे नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट ठेवल्याने चौकोनांचा त्रास बराच कमी होतो. मी सबटायटलची एक लहानशी एसआरटी फाइल करून ठेवली आहे, तिच्यात ‘किल्ल्यातून’, ‘दुसऱ्यांदा’, ‘ज्ञानेश्वर’, ‘क्षितिज’ असे शब्द आहेत. नव्या उपकरणावर मी सर्वांत आधी तीच लावतो.

ध्वनिव्यवस्था विसरणे

टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर ट्रूएचडी आणि ॲटमॉस (चहूबाजूंनी येणारा ध्वनी) यांच्या चर्चेत वेळ घालवू नका. नामांकित कंपनीची, प्रमाणित गूगल टीव्ही असलेली साधी स्टिक पुरते. वेगळे स्पीकर चालवणारा रिसीव्हर असेल तर मात्र ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी न बदलता पुढे पाठवणारे उपकरण हवे. एनव्हिडियाचा २०१९ चा शील्ड टीव्ही प्रो हे काम आजही उत्तम करतो, मात्र त्याची चिप एव्ही१ या नव्या पद्धतीने आवळलेले चित्र उलगडत नाही. ॲपल टीव्ही ट्रूएचडी तसाच पुढे देत नाही, एलपीसीएम या न आवळलेल्या ध्वनीत उलगडून देतो, त्यामुळे त्यातले ॲटमॉस जाते. टीव्हीमधून रिसीव्हरकडे ध्वनी न्यायचा असेल तर दोन्हींकडे ईएआरसी, म्हणजे एचडीएमआय तारेतून ध्वनी उलट पाठवण्याची सुधारित सोय, लागते, साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही.

खरेदी केल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत चाचणी पूर्ण करा. कागदावर नोंदलेल्या प्रत्येक प्रकारातली एक फाइल, म्हणजे जड ४के, पीजीएस सबटायटलची, डीटीएस ध्वनीची, डीव्हीडीवरची इंटरलेस्ड आणि मराठी सबटायटलची, अशा फाइली एकामागून एक लावा, प्रत्येक किमान दहा मिनिटे चालू द्या, आणि त्या वेळी टीव्हीकडे न पाहता सर्व्हरच्या डॅशबोर्डकडे पाहा. जिथे रूपांतर दिसेल तिथे त्याचे कारण टिपून घ्या. ते कारण ॲपच्या सेटिंगने सुटले नाही, तर खोके बंद करून उपकरण परत पाठवा.