लिनक्सवर कॅमेरा दिसत नसेल, तर ड्रायव्हर शोधत बसू नका

स्टुडिओतल्या जुन्या पीसीवर मी लिनक्स मिंट टाकलं, कारण विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ त्या मशीनवर चढेना. तेव्हापासून दर लग्नसराईत मदतनीस पोराची हाक येतेच, "ताई, कॅमेरा दिसेना." लगेच तो ड्रायव्हर शोधायला लागतो. खरं तर डीएसएलआरशी बोलणारी लिबजीफोटो२ ही लायब्ररी मिंट, उबुंटूत आधीपासून असते. दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून एलएसयूएसबी चालवा; पीसीला यूएसबीवर काय काय जोडलंय त्याची यादी ती देते (कमांड रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायची). यादीत कॅनन, निकॉन किंवा सोनी हे नाव आलं का, एवढंच बघायचं. कॅननचा क्रमांक ०४ए९ ने सुरू होतो, निकॉनचा ०४बी० ने. नाव नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, केबल बदला. ड्रॉवरमध्ये पडलेल्या मिनी यूएसबी केबलींपैकी काही नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यात डेटाच्या तारा नसतातच, आणि वरून ओळखता येत नाही. चांगली केबल सापडली की तिला रंगीत टेप गुंडाळून ठेवा. हब काढा, केबल थेट पीसीच्या मागच्या पोर्टला लावा. सुडो डीमेसेज -डब्ल्यू (सुडो म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालवणं, डीमेसेज म्हणजे सिस्टिमचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवून केबल जोडली आणि 'एरर -७१' अशा ओळी यायला लागल्या, तर केबल, पोर्ट किंवा कॅमेऱ्याच्या सॉकेटवर संशय घ्या. सॉकेटमध्ये धूळ साचलेली असते, टॉर्च मारून बघा.

केबल बरी असेल तर कॅमेऱ्याचा मेनू. वायफाय असलेल्या बऱ्याच कॅनन डीएसएलआरमध्ये वायफाय चालू असेल तर यूएसबी चालत नाही. आधी ते बंद करा. सोनीत 'यूएसबी कनेक्शन' मध्ये मास स्टोरेज किंवा एमटीपी निवडा. ऑटो पॉवर ऑफ लांबवा, नाहीतर फोटो उतरत असताना कॅमेरा झोपतो.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. एलएसयूएसबीत कॅमेरा दिसतो, पण जीफोटो२ (कॅमेऱ्यातून फोटो उतरवणारी कमांड) किंवा डार्कटेबल (फोटो एडिटिंगचा प्रोग्रॅम) 'कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस' म्हणतं, सोबत -५३ हा एररचा क्रमांक. बिघाड काहीच नसतो. केबल लावताक्षणी डेस्कटॉपच्या जीव्हीएफएसने, म्हणजे जोडलेली उपकरणं फाइल मॅनेजरला दाखवणाऱ्या भागाने, कॅमेरा आपल्या ताब्यात घेतलेला असतो, म्हणून तर तो फाइल मॅनेजरमध्ये दिसतो. कॅमेऱ्याचा यूएसबी इंटरफेस एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तसं. फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावापुढचं इजेक्टचं चिन्ह दाबा, केबल काढू नका, आणि परत प्रयत्न करा. तरी अडलं तर जीआयओ माउंट -एस जीफोटो२ चालवा, म्हणजे डेस्कटॉप कॅमेरा सोडतो. मग जीफोटो२ --ऑटो-डिटेक्ट मध्ये मॉडेल दिसलं की, ज्या फोल्डरमध्ये फोटो हवेत तिथे जाऊन जीफोटो२ --गेट-ऑल-फाइल्स --स्किप-एक्झिस्टिंग. आधीच उतरलेले फोटो ते पुन्हा उतरवत नाही.

सुडो लावल्यावर चालतं आणि एरवी नाही, असं झालं तर प्रश्न परवानगीचा आहे. सुडोनेच फोटो उतरवायची सवय लावून घेऊ नका. फायली रूटच्या, म्हणजे अॅडमिनच्या, नावावर जातात आणि नंतर एडिटिंगमध्ये त्या सेव्हच होत नाहीत.

नवरीकडचे पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे असतील तर हे सगळं सोडा आणि कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. माझं रोजचं काम रीडरवरच चालतं, मोठ्या कार्डाला ते वेगवानही पडतं. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डं एक्सफॅट फॉरमॅटची असतात. २०२० च्या ५.७ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्याला चांगला आधार आहे. जुन्या इन्स्टॉलवर एक्सफॅट-फ्यूज हे पॅकेज टाकावं लागतं. फोटो उतरून दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाली की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, पीसीवर नको.