डीव्हीआर बसवताय? आधी हार्डडिस्क बघा, कॅमेरे नंतर

टीव्हीवर चारही कॅमेऱ्यांचं चित्र आलं की लोकांना वाटतं झालं काम, आणि तिथेच फसतात, कारण डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यात, हार्डडिस्क नसली तरी लाइव्ह मस्त दिसतं, रेकॉर्डिंग मात्र शून्य. डीव्हीआर बऱ्याचदा डिस्कशिवायच विकतात, ती वेगळी घ्यावी लागते. घेताना सर्व्हेलन्सची, म्हणजे सीसीटीव्हीसाठीच बनवलेली घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक वगैरे, कॉम्प्युटरची जुनी लावली तरी चालते पण दिवसरात्र लिहीत राहणं तिचं काम नाही. किती मोठी? २ मेगापिक्सलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट डेटा) ठेवला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो, चार कॅमेरे म्हणजे ८६, मग १ टीबीत जेमतेम अकरा दिवस बसतात. त्यानंतर जुनं पुसून नवीन लिहिलं जातं, तो ओव्हरराइट ऑप्शन चालू आहे ना ते बघून घ्या.

प्लग काढून डबा उघडा, साटाची (डिस्क जोडायची चपटी पिन) डेटा केबल आणि पॉवर केबल डिस्कला लावा, खालून स्क्रू घट्ट करा. एवढंच.

खरा वेळ जातो वायरिंगमध्ये. बीएनसी, म्हणजे कॅमेऱ्याच्या केबलच्या टोकाचा गोल कनेक्टर, लावताना केबल सोलली की बाहेरची जाळी मागे दुमडायची, त्यातला केसाएवढा एक तार जरी मधल्या तांब्याच्या तारेला चिकटला तरी तो चॅनल (त्या कॅमेऱ्याची जागा) व्हिडिओ लॉस, म्हणजे चित्रच नाही, असं दाखवणार आणि तुम्ही उगाच कॅमेऱ्याला शिव्या घालणार. दुसरं म्हणजे दिवसा चालणारा कॅमेरा अंधार पडला की लुकलुकतो किंवा बंदच पडतो, हे जवळपास नेहमी पॉवरचं लफडं असतं, रात्री कॅमेऱ्याचे आयआर (अंधारात बघायचे इन्फ्रारेड) लाइट लागतात, करंट जास्त लागतो आणि लांबच्या बारीक वायरीत १२ व्होल्टचे १० उरतात. अशा कॅमेऱ्याला जवळच वेगळा अडॅप्टर द्या किंवा जाड वायर टाका. आणि चित्र ब्लॅक अँड व्हाइट किंवा वेडंवाकडं येतंय? मग कॅमेरा एएचडीवर आणि डीव्हीआर टीव्हीआयवर (हे दोन वेगळे व्हिडिओ सिग्नलचे प्रकार) असं काहीतरी झालंय, कॅमेऱ्याच्या वायरीवर छोटा स्विच असेल तर त्याने बदलता येतं.

आता माउस आणि एचडीएमआय लावून चालू करा. पहिल्यांदा पासवर्ड मागेल तो नीट ठेवा, अॅडमिन १२३ नको, २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरीचे पासवर्ड वापरूनच ढिगाने डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. मग स्टोरेजमध्ये जाऊन डिस्क फॉरमॅट करा, याशिवाय रेकॉर्डिंग सुरू होत नाही. टाइम झोन आणि तारीख बरोबर लावा, नेट असेल तर एनटीपी (नेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं) ऑन करा, घड्याळ दोन तास मागे असेल तर हवा तो प्रसंग शोधताना डोकं फिरतं.

रेकॉर्डिंग कंटिन्युअस ठेवायचं की मोशनवर, म्हणजे काही हललं तरच? मी तरी दाराचे कॅमेरे कंटिन्युअस ठेवतो. मोशनला जागा कमी लागते खरी पण हलणारी फांदी, पाऊस, पडदा सगळ्यावर ते जागं होतं आणि नेमका माणूस आला की पहिले दोन-तीन सेकंद गायब, शिवाय मोशन लावलंच तर चित्राच्या कुठल्या भागातली हालचाल बघायची तो एरिया आखून द्यावा लागतो.

मोबाइलसाठी राउटरची लॅन केबल लावा, पीटूपी (कंपनीच्या सर्व्हरमार्फत मोबाइल डीव्हीआरला जोडणं) ऑन करा, कंपनीच्या अॅपमधून क्यूआर स्कॅन करा, झालं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे राउटरमधून डीव्हीआरकडे बाहेरून थेट वाट उघडण्याच्या, नादाला लागू नका. मोबाइलवर अडकत असेल तर सब स्ट्रीमवर (हलक्या क्वालिटीचं चित्र) बघा, रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमवरच (पूर्ण क्वालिटीत) राहतं.

मग तासाभराने प्लेबॅक उघडा, प्रत्येक चॅनलवर पट्टी भरलेली दिसते का बघा, आणि एक छोटा तुकडा पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन कॉम्प्युटरवर चालवून बघा. फाइल उघडत नसेल तर बॅकअपच्याच मेनूत बऱ्याचदा प्लेअर कॉपी करायचा ऑप्शन असतो, तो टिक करून परत घ्या.