क्रॉस स्टिचचा मोठा नमुना हाती घेताना

२८० बाय ३५० टाक्यांचा नमुना १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरे असलेल्या, आयडा या चौकोनी विणीच्या कापडावर २० बाय २५ इंच होतो आणि त्यात, पूर्ण भरीव असल्यास, ९८,००० फुल्या येतात. चौकटीसाठी चारही बाजूंना तीन-तीन इंच सोडायचे म्हणजे कापड २६ बाय ३१ इंचांचे घ्यावे आणि कडा सुटू नयेत म्हणून त्या आधीच दुमडून शिवून घ्याव्यात.

खरी मेहनत आखणीत आहे. दर दहा घरांवर पाण्याने जाणाऱ्या पेनाने उभ्या-आडव्या रेघा माराव्यात. मात्र धुण्यापूर्वी इस्त्री फिरवल्यास त्या पक्क्या बसण्याचा धोका असतो, त्यामुळे एका कोपऱ्यात चाचणी घेतलेली बरी. नमुन्याच्या कागदावरही त्याच रेघा ठळक कराव्यात, म्हणजे चूक त्या शंभर घरांतच सापडते आणि उसवण्याचा व्याप वाढत नाही.

एकेका चौकोनात काम करताना संपलेल्या रंगाचा धागा न तोडता पुढच्या चौकोनातील त्याच रंगाच्या पहिल्या घरातून वर काढून ठेवता येतो. पण रंग विरळ विखुरलेले असतील तर मागे लांब धागे लोंबतात, अशा वेळी तो तोडणेच शहाणपणाचे. सहापदरी लडीतील दोन पदर १४ काउंटला पुरतात. पार्श्वभूमीच्या रंगाच्या सर्व लड्या एकदमच घ्याव्यात, कारण वेगळ्या घाण्यातील (रंगवण्याच्या वेगळ्या खेपेतील) छटेचा फरक नमुन्यातील मोकळ्या आकाशात लगेच डोळ्यांत भरतो. भरताना कापड ताणून धरणारी फ्रेम काम थांबवल्यावर रोज उतरवावी.