काउंट चुकला तर आधी जॉइन तपासा

नवीन नोकरीत एसक्यूएलने (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेने) काढलेल्या रिपोर्टमधला आकडा जुळत नाही अशी तक्रार आली की नवखा माणूस काउंटकडे, म्हणजे ओळी मोजणाऱ्या फंक्शनकडे, टक लावून बसतो. काउंट बहुतेक वेळा बरोबरच मोजत असतो. त्याच्यापुढे आलेल्या ओळीच भलत्या असतात. डेटाबेस क्वेरीचा, म्हणजे त्याला विचारलेल्या प्रश्नाचा, अर्थ आपण लिहितो त्या क्रमाने लावत नाही. आधी फ्रॉम आणि जॉइन (टेबलं जोडणं), मग व्हेअर (ओळी गाळणं), मग ग्रुप बाय (गट पाडणं), त्यानंतर हॅविंग (गट गाळणं), मग सिलेक्ट (कॉलम निवडणं) आणि शेवटी ऑर्डर बाय (क्रम लावणं). म्हणजे मोजणी सुरू होते तेव्हा जॉइनने ओळी गाळून किंवा वाढवून झालेल्या असतात.

एका वाचनालयाची तीन टेबलं घेऊ. सभासद (क्रमांक, नाव, शाखा), देवघेव (क्रमांक, सभासद_क्रमांक, दिल्याची_तारीख, परत_तारीख) आणि दंड (क्रमांक, सभासद_क्रमांक, रक्कम). सभासद चार:

१. मंदा कुलकर्णी: ३ पुस्तकं नेली, दंड दोनदा, दोन्ही वेळा १० रुपये
२. संजय पाटील: २ पुस्तकं, दंड नाही
३. संजय पाटील (दुसरे): १ पुस्तक, १५ रुपयांचा एक दंड
४. रुक्साना शेख: अजून एकही पुस्तक नाही, दंडही नाही

देवघेवमध्ये एकूण ६ ओळी, दंडात ३ ओळी आणि ३५ रुपये. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशीच ताळा करायचा आहे. (क्वेरीतले शब्द आणि अंक इथे देवनागरीत दिले आहेत, चालवताना ते मूळ रोमन लिपीत लिहा.)

प्रत्येक सभासदाने किती पुस्तकं नेली? साध्या जॉइनने ६ ओळी मिळतात आणि क्रमांकावर गट केले तर गट तीनच पडतात. रुक्साना गायब, कारण तिला जोडायला देवघेवमध्ये ओळच नाही. म्हणून लेफ्ट जॉइन, जो डावीकडच्या टेबलाची प्रत्येक ओळ जोडी नसली तरी ठेवतो (स आणि दे ही टेबलांची टोपणनावं):

सिलेक्ट स.क्रमांक, स.नाव, काउंट(दे.क्रमांक) ॲज पुस्तके
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन देवघेव दे ऑन दे.सभासद_क्रमांक = स.क्रमांक
ग्रुप बाय स.क्रमांक, स.नाव

आता जॉइननंतर ७ ओळी आहेत. सातवी रुक्सानाची, आणि तिच्या देवघेवच्या सगळ्या कॉलममध्ये नल, म्हणजे किंमतच नाही. इथे काउंट(*) लिहिलंत तर तिच्या नावावर १ पुस्तक दिसेल, कारण तारांकित काउंट ओळ मोजतो, मग ती आतून रिकामी का असेना. काउंट(दे.क्रमांक) नल सोडून देतो, म्हणून ० येतो. लेफ्ट जॉइनच्या उजव्या बाजूचं मोजायचं असेल तर त्या टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, इथे क्रमांक) मोजावी. परत_तारीख सारखा कधीकधी रिकामा राहणारा कॉलम मोजलात तर आकडा कमी येतो आणि कुठलीही एरर येत नाही.

ग्रुप बायमध्ये क्रमांक का हवा, तेही याच डेटात दिसतं. नुसत्या नावावर गट केले तर दोन्ही संजय पाटील एकत्र होतात आणि त्यांच्या नावापुढे ३ पुस्तकं लागतात. माणसांचा गट नेहमी आयडीवर करायचा, नाव फक्त दाखवायला.

लेफ्ट जॉइन नकळत मोडण्याची जागा म्हणजे व्हेअर. १ एप्रिल २०२४ पासूनचीच देवघेव हवी म्हणून व्हेअरमध्ये दे.दिल्याची_तारीख >= '२०२४-०४-०१' टाकलं की रुक्साना पुन्हा बाहेर. नलची तुलना खरी ठरत नाही, आणि व्हेअर फक्त खरं ठरलेलंच आत घेतो. लेफ्ट जॉइन लिहिलेला असूनही वागतो इनर, म्हणजे साध्या, जॉइनसारखा. उजव्या टेबलाची ही अट ऑनमध्ये न्यायची:

लेफ्ट जॉइन देवघेव दे
  ऑन दे.सभासद_क्रमांक = स.क्रमांक
  अँड दे.दिल्याची_तारीख >= '२०२४-०४-०१'

उलट, फक्त एका शाखेचे सभासद हवे असतील तर ती अट व्हेअरमध्येच राहू द्या. ऑनमध्ये नेली तर बाकी शाखांचे सभासद यादीत राहतात, फक्त त्यांच्यापुढे ० दिसतो. अपवाद एकच नेहमीचा: एकही पुस्तक न नेलेले सभासद शोधताना व्हेअर दे.क्रमांक इज नल हे मुद्दाम व्हेअरमध्ये लिहितात. नॉट एक्झिस्ट्सने (अशी ओळच नाही, हे तपासणाऱ्या अटीने) तेच अधिक स्पष्ट वाचता येतं.

आता खरी दुखरी जागा. मॅनेजर म्हणतो, पुस्तकांसोबत दंडही दाखवा. सहज सुचतं ते असं की त्याच क्वेरीत दंडाला आणखी एक लेफ्ट जॉइन जोडावा. जोडला की मंदाची ३ पुस्तकं आणि २ दंड यांच्या ६ जोड्या होतात, कारण पुस्तक आणि दंड यांचा आपसात काही संबंध क्वेरीत सांगितलेलाच नाही. पहिल्या संजयच्या २ ओळी, दुसऱ्याची १, रुक्सानाची १, एकूण १०. मंदापुढे ६ पुस्तकं, ६ दंड आणि ६० रुपये. वाचनालयाचा एकूण दंड ३५ चा ७५ झाला.

बाकी तिघांचे आकडे मात्र अगदी बरोबर आहेत. ही चूक टेस्टिंगमधून निसटते ती त्यामुळेच. पुस्तकांचा आकडा फुगायला त्या माणसाला एकाहून जास्त दंड लागतात, आणि दंडाचा आकडा फुगायला एकाहून जास्त पुस्तकं व निदान एक दंड. टेस्ट डेटात प्रत्येकाची एकेक ओळ असेल तर क्वेरी निर्दोष दिसते आणि प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरात) गेल्यावर पितळ उघडं पडतं. टेस्ट डेटात एक तरी मंदा ठेवा.

यावर पुष्कळ जण काउंट(डिस्टिंक्ट दे.क्रमांक) हा उपाय सांगतात; डिस्टिंक्ट एकसारख्या किमती एकदाच धरतो. मोजणीपुरता तो चालतो: ३ आणि २ बरोबर येतात. पण रकमेच्या बेरजेला (सम) तोच लावला, म्हणजे सम(डिस्टिंक्ट दं.रक्कम), की मंदाचा दंड १० रुपये होतो. दोन्ही दंड दहा-दहाचे होते, डिस्टिंक्टने त्यातला एक उडवला. शिवाय डेटाबेसला आधी जोड्यांचा डोंगर रचून मग तो गाळावा लागतो. एखाद्या सभासदाच्या ५०० देवघेवी आणि ४० दंड असतील तर एकट्याच्या २०,००० ओळी. कोड रिव्ह्यूमध्ये काउंटच्या आत अचानक डिस्टिंक्ट दिसला तर आधी विचारावं की तो कशासाठी आला.

पक्का उपाय म्हणजे आधी मोजणं, मग जोडणं (विथ तात्पुरत्या निकालाला नाव देतो, कोॲलेस नलच्या जागी ० ठेवतो):

विथ पु ॲज (
  सिलेक्ट सभासद_क्रमांक, काउंट(*) ॲज संख्या
  फ्रॉम देवघेव
  ग्रुप बाय सभासद_क्रमांक
),
दं ॲज (
  सिलेक्ट सभासद_क्रमांक, काउंट(*) ॲज संख्या, सम(रक्कम) ॲज एकूण
  फ्रॉम दंड
  ग्रुप बाय सभासद_क्रमांक
)
सिलेक्ट स.क्रमांक, स.नाव,
  कोॲलेस(पु.संख्या, ०), कोॲलेस(दं.संख्या, ०), कोॲलेस(दं.एकूण, ०)
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन पु ऑन पु.सभासद_क्रमांक = स.क्रमांक
लेफ्ट जॉइन दं ऑन दं.सभासद_क्रमांक = स.क्रमांक

पु आणि दं या दोन्हींत प्रत्येक सभासदाची जास्तीत जास्त एकच ओळ असल्याने गुणाकाराला जागाच उरत नाही. आत काउंट(*) चालतो, कारण तिथे नलच्या ओळी आलेल्याच नाहीत. कोॲलेस विसरलात तर रुक्सानापुढे शून्याऐवजी नल येईल, आणि पुढे त्यात काहीही मिळवलं तरी उत्तर नलच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये विथ ८.० आवृत्तीपासून आहे. जुन्या सर्व्हरवर हेच फ्रॉममधल्या सबक्वेरीने (आतल्या क्वेरीने) लिहायचं.

क्वेरी लिहून झाली की दोन ताळे करा. बाहेरच्या निकालात सभासद टेबलात आहेत तितक्याच, म्हणजे ४ ओळी हव्यात. आणि पुस्तकांच्या कॉलमची बेरीज देवघेवच्या एकूण ओळींइतकी, दंडाची ३५. ओळी कमी भरल्या तर जॉइन किंवा व्हेअर गाळतो आहे, बेरीज जास्त भरली तर गुणाकार झाला आहे. कुठे ते कळायला ग्रुप बाय काढून एकाच सभासदासाठी कच्च्या ओळी पाहाव्यात. बहुतेक घोळ तिथेच डोळ्यांना दिसतो.

एररबद्दल थोडक्यात. सिलेक्टमध्ये आहे पण ग्रुप बायमध्ये नाही आणि काउंट-समच्या आतही नाही, असा कॉलम ठेवला तर मायएसक्यूएल १०५५, एसक्यूएल सर्व्हर ८१२० आणि ओरॅकल ००९७९ क्रमांकाची एरर देतो. मायएसक्यूएलमध्ये ही कडक शिस्त ५.७ पासून मुळातच चालू असते. ती बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका: बंद केल्यावर गटातल्या कुठल्याही ओळीची किंमत उचलली जाते. एसक्यूलाइट तर तक्रारही करत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रायमरी कीवर गट केला असेल तर त्याच टेबलाचे बाकी कॉलम ग्रुप बायमध्ये लिहावे लागत नाहीत. मात्र हॅविंगमध्ये पुस्तके > २ असं टोपणनाव तिथे चालत नाही, काउंट पुन्हा लिहावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये चालतं.

अटीनुसार मोजताना, उदाहरणार्थ परत न आलेली पुस्तकं, केसमध्ये (अटीनुसार किंमत देणाऱ्या रचनेत) एल्स (नाहीतर) ० लिहून बाहेर काउंट लावण्याची चूक मुलाखतीत फार दिसते. काउंटला ० हीसुद्धा किंमतच, म्हणून तो सगळ्याच ओळी मोजतो. एल्स गाळा, किंवा काउंटच्या जागी सम घ्या.

महिनावार मोजणीत ज्या महिन्यात एकही देवघेव नाही तो महिना निकालात येतच नाही, कारण गट पाडायला ओळच नसते. त्यासाठी महिन्यांचं वेगळं टेबल डावीकडे ठेवून देवघेव त्याला लेफ्ट जॉइन करावी. पोस्टग्रेसमध्ये ती यादी जनरेट_सिरीजने जागच्या जागी बनवता येते.