शंभर कुणाला द्यायचे? घरी ट्यूशन सुरू करणाऱ्या नव्या लोकांसाठी

सहा वर्षं झाली मला ट्यूशन घेऊन. इंदूरच्या होळकर कॉलेजातून गणितात एम.एस्सी., मग पीएससीचे, म्हणजे राज्यसेवा परीक्षेचे, दोन अटेम्प्ट, दोन्ही प्रीलिम्समध्येच गार, आणि मग आई म्हणाली की रिकामी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा गल्लीतली चार पोरं घे. मी म्हटलं पाचवी-सहावीचं गणित, त्यात काय एवढं. हे "त्यात काय एवढं" मला टक्के आणि गुणोत्तर शिकवताना चांगलंच महागात पडलं, म्हणून लिहितेय. अपूर्णांक, दशांश, पाढे कसे शिकवायचे ते तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी ते बघा, टक्क्यांना हातच लावू नका, पोरांचं नुकसान कराल.

माझ्याकडे पहिल्या वर्षी पाच मुलं होती, सगळी रामबागेतलीच. टक्क्यांचा धडा मी तीन दिवसांत उडवला. खाली १०० ठेवा, गुणा, झालं. मग उलट्या प्रश्नांची वेळ आली, म्हणजे "दप्तराची किंमत २५ टक्क्यांनी वाढून ५०० रुपये झाली, तर आधी किती होती?" या टाइपचे. मी काय सांगितलं असेल? वाढलंय ना, मग मागे जायचं तर तेवढेच टक्के कमी करा. ५०० चे २५ टक्के १२५, वजा केले, ३७५. पाचही मुलांच्या वहीत ३७५ आणि प्रत्येक ३७५ पुढे माझ्या लाल पेनाची बरोबरची खूण. एम.एस्सी. मॅथ्सची खूण!

शाळेच्या टेस्टमध्ये तसाच प्रश्न आला, पाचही जणांचा चुकला, आणि एका मुलीची आई संध्याकाळी दोन्ही वह्या घेऊन दारात. ओरडल्या नाहीत त्या, फक्त म्हणाल्या, "ताई, आम्हाला काही कळत नाही यातलं, पण तुमची खूण बरोबरची आहे आणि शाळेची चुकीची आहे." त्या रात्री मी जेवले नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी चूक मला पाच मिनिटांत सापडली, नाही असं नाही. x धरलं, १.२५x बरोबर ५००, x बरोबर ४००. पण हे दहा वर्षांच्या पोराला सांगू कसं? त्यांना x माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. इथं मला मदत झाली ती आमच्या मागच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड बाईंची, पस्तीस वर्षं प्रायमरीला शिकवलेलं. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर बटले सोलत बसल्या होत्या (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी, बटले म्हणजे मटार, आम्ही माळव्यात बटलेच म्हणतो). त्यांनी प्रश्न ऐकला आणि काही न बोलता थाळीत चाळीस दाणे मोजून ठेवले. म्हणाल्या, हे वाढव २५ टक्क्यांनी. मी दहा टाकले, पन्नास झाले. "आता माघारी ये. पन्नासाचे २५ टक्के काढ." मी म्हटलं साडेबारा. "बरं, काढ साडेबारा. अर्धा बटला कुठून आणतेस?"

मग त्यांनी चाळिसाचे दहा-दहाचे चार ढीग केले आणि वाढवलेला पाचवा ढीग शेजारी ठेवला. बघ, वाढवताना ढीग चार होते, चारातला एक म्हणजे २५ टक्के. आता ढीग पाच झाले. काढायचा तोच एक आहे, पण आता तो पाचातला एक आहे. संपलं. एवढंच. दप्तराच्या ५०० चे पाच ढीग करा, शंभराचा एक, एक काढा, ४००. पोराला x लागत नाही, सूत्र लागत नाही.

आता हे मी जरा जास्तच ताणून सांगणारे, कारण सगळा घोळ इथंच आहे आणि नवीन शिकवणारे इथंच घाई करतात. टक्के हा आकडा नसतो, तो कुणाचा तरी असतो. २५ टक्के असं नुसतं काही नसतंच. म्हणून गणितात टक्के दिसले की पोरानं पेन्सिल उचलायच्या आधी एकच विचारायचं, शंभर कुणाला द्यायचे? ज्याला शंभर दिले तो पाया. ताईकडे ५० रुपये, दादाकडे ४०. ताईकडे दादापेक्षा किती टक्के जास्त? फरक १०, शंभर दादाला, म्हणजे ४० तले १०, २५ टक्के. आता उलटं विचारा, दादाकडे ताईपेक्षा किती टक्के कमी? फरक तोच १०, पण शंभर आता ताईला, ५० तले १०, २० टक्के. मुलं चिडतात इथं. फरक एकच आहे मग टक्के दोन कसे, हे चीटिंग आहे, असं मला एक जण म्हणाला होता. चिडू द्या. चिडला म्हणजे त्याला काहीतरी खटकलं, आणि जो न चिडता दोन्हीकडे २५ लिहून मोकळा होतो त्याची जास्त काळजी करा.

यात आपल्या इकडच्या मुलांची एक खास अडचण आहे जी महाराष्ट्रातल्यांना नसावी. घरी मराठी, शाळा हिंदी नाहीतर इंग्लिश मीडियम, आणि गल्लीत अस्सल इंदौरी "भिया"वाली हिंदी चालू. मराठीत "पेक्षा" शब्द ज्याला चिकटतो त्याला शंभर, इतकं साफ आहे. हिंदीत तिथं "से" येतो, आणि "से" सगळीकडेच येतो, पेन से लिखा, घर से निकला, भैया से बड़ी. आपण ज्याला -ने, -पासून, -पेक्षा असे तीन वेगळे शब्द वापरतो तिथं त्यांचा एकच. पोरगं "से" वाचून पुढं सरकतं, थांबतच नाही. म्हणून मी शब्दांचं गणित आधी घरच्या भाषेत सांगायला लावते. पेन्सिल खाली, पुस्तक बंद, गोष्ट सांग. "दादापेक्षा ताईकडे जास्त आहेत" असं तोंडातून निघालं की निम्मं काम झालं. शाळेत प्रतिशत म्हणतात, घरी आजी शेकडा म्हणते, आपण टक्के म्हणतो, तिन्ही एकच हे पण एकदा मोठ्यांदा सांगून टाका, तुम्हाला वाटतं माहीत असेल, नसतं.

पण लगेच "पेक्षा दिसलं की" असा नियम वहीत लिहून देऊ नका हां. मी दिला होता, आणि दप्तराच्या गणितात पेक्षा नाहीच ना. तिथं विचारावं लागतं की वाढलं ते कशावर वाढलं. जुन्या किमतीवर. मग शंभर जुन्या किमतीला, जरी ती आपल्याला माहीत नसली तरी. दिसतोय तो ५०० चा आकडा आणि पाया आहे न दिसणारा, पोरांना नेमका दिसणाराच आकडा पकडायची सवय असते.

गुणोत्तरातही तीच भानगड वेगळ्या कपड्यात. पेन आणि पेन्सिली ५:३. हे एक गुणोत्तर घ्या आणि ४० हा एकच आकडा तीन ठिकाणी ठेवून बघा. एकूण ४० आहेत, तर ८ भाग, ५ चा एक, २५ पेन १५ पेन्सिली. पेन ४० आहेत, तर ५ भाग म्हणजे ४०, एक भाग ८, पेन्सिली २४. पेन पेन्सिलींपेक्षा ४० ने जास्त आहेत, तर २ भाग म्हणजे ४०, एक भाग २०, १०० पेन आणि ६० पेन्सिली. माझी पाचही मुलं तिन्हीत ५ आणि ३ मिळवून आठाने भागत होती, कारण मी पहिला प्रकार दहादा करून घेतला होता आणि बाकीचे दोन "पुढं बघू" म्हणून ठेवले होते. तिन्ही एकाच दिवशी, एकाच पानावर, शेजारी शेजारी घ्या. पट्ट्या काढा, पाच चौकटी वर, तीन चौकटी खाली, आणि ४० कुठल्या चौकटींवर लिहायचे ते पोराला ठरवू द्या. सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकात ही पट्ट्यांची पद्धत आणली म्हणून तिचं फार कौतुक होतं, रास्तच आहे, पण आमच्या बाई न नाव घेता ढिगांनी तेच करत होत्या.

आणि सरबत एकदा खरंच करा. एक वाटी सिरप, तीन वाट्या पाणी, १:३. सिरप किती टक्के? दहातली आठ मुलं ३३ म्हणतील. मग तांब्यात ओता, वाट्या मोजा, चार. २५ टक्के. नंतर पिऊन टाका.

शॉर्टकटबद्दल माझं मत विचाराल तर मी कडवट आहे. भंवरकुआच्या (इंदूरमधला कोचिंग क्लासेसचा भाग) एका कोचिंगमध्ये मी सहा महिने शिकवलं, तिथल्या सरांचं म्हणणं की समजावत बसू नका, ट्रिक द्या, पोरगं खूश, आईबाप खूश. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न, दोन तास, त्यात अंकगणिताचे २०, वेळ कुठं आहे समजायला, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा अगदीच खोटा नाही. एका प्रश्नाला दीड मिनिट पडतं. पण ट्रिक कुठली लावायची हे ठरवायलाच पोरगं एक मिनिट घालवतं आणि मग चुकीची लावतं, हे मी बघितलंय. एकच शॉर्टकट मला मान्य आहे, १० टक्के काढून त्यावरून बाकीचे बांधणं, ५ म्हणजे त्याचं निम्मं, १५ म्हणजे दोन्ही मिळून. बाकी सगळ्या ट्रिका आठवीनंतर.

आजोबांची पिढी यात सुखी होती. त्यांना पाव म्हणजे चार आणे, पाऊण म्हणजे बारा आणे, पूर्ण म्हणजे सोळा आणे, तोंडावर. १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले तरी चार आणे म्हणजे २५ पैसे हे टिकून राहिलं, म्हणजे २५ टक्के खिशातच वाजायचे. मी मोठ्या उत्साहात हे मुलांना सांगितलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. चवन्नी, म्हणजे ते २५ पैशांचं नाणं, ३० जून २०११ ला चलनातून गेली, यातली निम्मी तेव्हा जन्मली पण नव्हती. आता डब्यात चार जुन्या चवन्न्या ठेवल्यात, दाखवायला.

घाबरवलं वाटत असेल तर थोडं दुसरंही सांगते. तुम्ही चुकाल, आणि त्यातून फार काही बिघडत नाही, फक्त चुकलं की दुसऱ्या दिवशी पोरांसमोर सांगा. मी त्या पाचही वह्यांवर माझी लाल खूण खोडून खाली "ताईचं चुकलं" असं लिहिलं. एकानंही ट्यूशन सोडली नाही. उलट तेव्हापासून ताळा करायची सवय लागली सगळ्यांना, कारण ताई पण चुकू शकते हे कळलं. ३७५ चे २५ टक्के ९३.७५, मिळवून ४६८.७५, ५०० कुठं आले? एवढा ताळा मी पहिल्या दिवशी केला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

बटल्यांचा सीझन थंडीतच असतो, त्यानंतर राजमा वापरा. शेंगदाणे किंवा चणे घेऊ नका, पन्नास मोजून ठेवले की गणित सुटेपर्यंत शेहेचाळीस उरतात आणि मग कुणाचंच उत्तर येत नाही.